वजनकाटा बाजूला ठेवा: एअर रायफलसाठी पेलेटची बॅच कशी निवडावी

दहा मीटर एअर रायफल मारणाऱ्या कुणालाही पेलेटबद्दल, म्हणजे तिच्या छोट्या शिशाच्या गोळीबद्दल, विचारा, पहिला सल्ला ठरलेला असतो. बारीक वजनकाटा घ्या, डबी ओता, एकेक पेलेट तोला आणि वजनाप्रमाणे वेगळी करा. मी हे दोन वर्षं इमानेइतबारे केलं. डबीत 500 पेलेटं असतात. एकाला पंधरा सेकंद धरले तरी दोन तास जातात.

आता हिशोब बघा. 0.53 ग्रॅमचं पेलेट साधारण 170 मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतं आणि टार्गेटपर्यंत पोचेतो सुमारे 17 मिमी खाली येतं. एखादं पेलेट 5 मिलिग्रॅमने, म्हणजे जवळपास एक टक्क्याने जड निघालं, तर वेग अर्ध्या टक्क्याने घटतो आणि ते 0.17 मिमी जास्त खाली लागतं. टार्गेटवर दशांश गुणाची (0.1) एक पायरी 0.25 मिमीची. दोन तास मान मोडून आपण त्या एका पायरीपेक्षाही कमी काहीतरी वाचवत असतो. शिवाय प्रत्येक पेलेट चिमटीत धरताना त्याचा पातळ स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ कड, दबण्याची भीती असते, ते नुकसान वेगळंच.

फरक पडतो तो बॅचने, म्हणजे एकत्र बनलेल्या लॉटने. एकाच कंपनीच्या, 4.50 मिमी असंच लेबल असलेल्या दोन डब्या वेगळ्या लॉटच्या असतील, तर तुमच्या बॅरलमधून त्यांचे ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडणारे भोकांचे पुंजके, अगदी वेगळे येऊ शकतात. मैत्रिणीच्या रायफलला जी बॅच सोन्यासारखी चालते, ती तुमच्या रायफलला चालेलच असं नाही. म्हणून “अमुक पेलेट सर्वांत चांगलं” या सल्ल्याला काही अर्थ नाही. तुमच्या बॅरलला काय आवडतं, ते मारूनच कळतं.

तुमची गोळीमागची सरासरी अजून 10.0 च्या खाली असेल तर यातलं काहीही करू नका. बरी मॅच पेलेटं घ्या आणि सराव करा. पात्रता फेरीत 2013 पासून दशांश गुण मोजले जातात, एका गोळीला कमाल 10.9 आणि 60 गोळ्यांचे 654.0, त्यामुळे वरच्या पातळीवर बॅच निवडणं भागच आहे. पण हात तीन-चार मिमी हलत असताना अर्धा मिमी शोधण्यात हशील नाही.

नमुने गोळा करताना सहा ते आठ लॉटची एकेक डबी घ्या. हेड साइज, म्हणजे पेलेटच्या पुढच्या टोकाचा व्यास, 4.49 ते 4.51 मिमीपर्यंत वेगवेगळी असू द्या. डबीवरचा लॉट नंबर वहीत उतरवा. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा, की निकाल लागेपर्यंत त्या लॉटचा माल थोडा बाजूला ठेवायचा आहे. हे राहून गेलं तर सगळी मेहनत पाण्यात जाते. तुम्ही परत जाता तोवर नेमकी तीच बॅच संपलेली असते.

आता वाइस, म्हणजे रायफल घट्ट पकडायचा शिकंजा. इथेच लोक चुकतात आणि मीही एक अख्खा हंगाम इथेच घालवला.

हाताने मारून बॅच तपासता येत नाही. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभ्याने, तर नाहीच, आणि वाळूच्या पिशवीवर टेकवूनही तुमचा श्वास, खांद्याचा दाब आणि ट्रिगरवरचं बोट ग्रुपमध्ये उतरतंच. रायफल स्टॉकमधून (दस्त्यातून) काढून जड टेबलाला बोल्ट केलेल्या वाइसमध्ये पकडावी लागते. पकड अ‍ॅक्शनवर, म्हणजे ट्रिगरच्या वरच्या धातूच्या मुख्य भागावर, असावी. बॅरलवर किंवा हवेच्या सिलिंडरवर कधीही नको. मी पहिल्यांदा बॅरलवर पकडली होती, कारण गोल नळी जबड्यात छान बसते. सगळ्या बॅचचे ग्रुप उभे, लांबट आले आणि मी पेलेटांना दोष देत बसले. बॅरल दाबली गेली की ती तिच्या मर्जीने कंप पावत नाही, आणि प्रत्येक वेळी पकड कमी-जास्त झाली की गोळी लागायची जागाही सरकते. सिलिंडरचं तर विचारूच नका. 200 बार दाबाच्या भांड्याला लोखंडी जबडा लावणं हा निव्वळ धोका आहे. जबड्यांना जाड चामडं लावा, पकडायची जागा पेन्सिलने खूण करून ठेवा आणि प्रत्येक सत्रात तीच जागा धरा.

पकड सुधारल्यावरही माझे ग्रुप दोन ढिगांत पडत होते, डावीकडे काही आणि उजवीकडे काही. आठवडाभर कारण सापडेना. मग लक्षात आलं, की पेलेट भरताना मी कधी डावा कोपर टेबलावर टेकवत होते, कधी नाही. वाइस टेबलाला पक्कं होतं, पण टेबल माझ्या वजनाने केसभर झुकत होतं आणि पूर्ण परत येत नव्हतं. तेव्हापासून एक नियम पाळते: टेबलाला अंग लावायचं नाही, लिव्हर दर वेळी तेवढ्याच जोराने उघडायची, आणि ती बंद केल्यावर तीन आकडे मोजून मगच ट्रिगर. शक्य असेल तर भरायचं काम दुसऱ्या कुणाकडे सोपवू नका, हात बदलला की दाब बदलतो.

बॅच बदलली की पहिल्या दहा गोळ्या मोजू नका. बॅरलमध्ये आधीच्या पेलेटचा शिशाचा थर आणि तेलकटपणा असतो, नव्या पेलेटला तिथे रुळायला वेळ लागतो. सिलिंडर निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका.

मग दहा-दहाचे चार ग्रुप मारा. पाचाचे नाही. पाच गोळ्यांवर निकाल देणारा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण मी त्यावर विश्वास ठेवून एकदा दहा डब्या घेतल्या होत्या. पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्या होत्या, टार्गेट मी जपूनही ठेवलं होतं. घरी आणलेल्या डब्यांतून मात्र तसा ग्रुप परत कधीच आला नाही. त्यात बॅचचा दोष नव्हता. बॅच आणि रायफल तीच असूनही पाच गोळ्यांचा एक ग्रुप दुसऱ्याच्या दीडपट येणं अगदी नेहमीचं आहे. दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने पाचाच्या ग्रुपपेक्षा सुमारे पाव पट मोठाच दिसतो, त्यामुळे तो बघून नाउमेद होऊ नका. तो आकडा अधिक खरा असतो.

मोजायला कॅलिपर वापरा. सर्वांत लांबच्या दोन भोकांचं बाहेरून बाहेर अंतर घ्या, त्यातून 4.5 मिमी वजा करा, मध्यापासून मध्यापर्यंतचा फरक मिळतो. हे अंतर 2 मिमी असेल, तर नेम अगदी मधोमध असूनही कडेची गोळी 1 मिमी बाजूला, म्हणजे 10.6 वर जाते. 4 मिमी असेल तर 10.2 वर. बॅचची किंमत ही अशी मोजायची असते. चारही ग्रुपची सरासरी धरा, सर्वांत सुंदर दिसणारा ग्रुप नव्हे. एका ग्रुपमध्ये एकच गोळी दूर गेली असेल तर “ही माझी चूक” म्हणून तिला खोडू नका. वाइसमध्ये तुमची चूक नसते, ती बॅचचीच गोळी असते. सर्वांत चांगल्या ठरलेल्या दोन बॅच जवळजवळ सारख्या आल्या तर दुसऱ्या दिवशी फक्त त्या दोघींचे आणखी चार-चार ग्रुप मारा. तरीही सारख्याच आल्या तर जी जास्त मिळते ती घ्या.

आठ बॅचना प्रत्येकी 50 गोळ्या, म्हणजे 400. एका डबीपेक्षा कमी पेलेटांत सगळा निकाल लागतो, आणि उरलेली पेलेटं सरावात जातात.

निवडलेल्या बॅचची पेलेटं किती घ्यायची? रोज शंभर गोळ्या मारणाऱ्याला वर्षातल्या 300 दिवसांना 60 डब्या लागतात. त्या सगळ्या निवडक बॅचच्या घेणं हा पैशाचा अपव्यय आहे. वर्षात बारा स्पर्धा, साइटर (गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणी गोळ्या) धरून प्रत्येकी शंभर गोळ्या, म्हणजे अडीच डब्या. स्पर्धेआधीच्या आठवड्यांचा सराव त्याच पेलेटांनी करायचा, म्हणून सहा ते आठ डब्या घ्या. बाकी वर्षभर साधी मॅच पेलेटं पुरतात. बॅच बदलल्यावर गोळी लागायची जागा सरकते, साइट पुन्हा लावून घ्या.

डब्या कोरड्या जागी, सरळ ठेवा. हलवू नका. खाली पडलेलं पेलेट फेकून द्या, पांढरी पूड धरलेली डबी स्पर्धेला नेऊ नका. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

शेवटच्या दोन डब्या उरल्या की नवे नमुने मागवा. जुनी बॅच पूर्ण संपवू नका, कारण नवीला तिच्या शेजारी त्याच दिवशी, त्याच पकडीत मारून बघावं लागतं.