वसंतात पक्षी बघायला गाईडेड ट्रिपला निघालात? या चुका टाळा

फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा पहिला आठवडा, म्हणजे होळी-पाडव्याच्या मागेपुढे, पुण्याहून पक्षी बघायच्या ट्रिपा भरपूर निघतात. रूट बऱ्याचदा सारखाच असतो, आधी ताम्हिणी नाहीतर भीमाशंकरचं जंगल, मग उजनीच्या बॅकवॉटरला भिगवण आणि तिथून जवळच कडबनवाडी किंवा सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, म्हणजे माळरान. जंगल, पाणथळ आणि गवताळ रान असं तिन्ही एकाच जिल्ह्यात बघायला मिळतं, हे आपलं भाग्यच आहे. तरी बरेच जण नाराज होऊन येतात आणि खापर गाईडवर फोडतात.

एक गोष्ट निघायच्या आधी डोक्यात पक्की बसवा. या दिवसांत पाहुणे पक्षी परतीच्या प्रवासासाठी खाऊन खाऊन अंगात चरबी साठवत असतात आणि इथले कायमचे रहिवासी जोड्या जमवत, घरटी करत, अंडी घालत असतात. त्यामुळे आत्ता दिलेला त्रास त्यांना थंडीतल्यापेक्षा महाग पडतो. आणि गाईड तर तुम्ही मागाल तेच करणार, त्याचं पोट त्यावर आहे, म्हणून तुम्ही काय मागता हे फार महत्त्वाचं आहे.

तारीख सुट्टी बघून ठरवणं

ही सगळ्यात कॉमन चूक. मुलांची परीक्षा संपली की जाऊ म्हणून एप्रिलच्या शेवटी भिगवणला गेलात आणि पट्टकदंब (बार-हेडेड गूज, थंडीतले पाहुणे) कुठेयत विचारलं तर ते केव्हाच हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाच्या वाटेला लागलेले असतात. थापट्या, चक्रवाक ही बदकं पण मार्चमध्ये कमी कमी होत जातात. रोहितचं, म्हणजे फ्लेमिंगोचं गणित मात्र उलटं आहे. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो, उजनीचं पाणी जसं उतरत जातं तशी त्यांची जागा तयार होते, म्हणून धरण काठोकाठ भरलेलं असेल त्या वर्षी ते उशिरा येतात किंवा कमी येतात आणि एकदा आले की उन्हाळ्यात बराच काळ थांबतात. तेव्हा बुकिंगच्या आधी कुंभारगाव किंवा डिकसळच्या एखाद्या नाववाल्या दादांना फोन करून सरळ विचारा, पाणी किती उतरलंय, पक्षी कुठल्या बाजूला बसतायत. ही मंडळी मूळची मासेमारी करणारी, पाणी त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

पट्टकदंब आणि रोहित दोन्ही बघायचे असतील तर मार्चचा पहिला पंधरवडा धरा.

"दादा, जरा उडवा ना!"

याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. गुलाबी-काळे पंख पसरून उडणाऱ्या थव्याचा फोटो सगळ्यांना हवा असतो, त्यासाठी नाव थेट थव्यात घालायला सांगतात, टाळ्या वाजवतात, ओरडतात. रोहित चोच उलटी करून चिखलातलं बारीक बारीक गाळून खातो, त्याला तासन्‌तास शांत खायला लागतं. सकाळपासून दहा नावांनी दहा वेळा उडवला तर तो खाणार कधी? आणि एवढा मोठा पक्षी पाण्यावर बराच धावल्याशिवाय हवेत उठू शकत नाही, प्रत्येक उड्डाणात ताकद जाते.

नाववाल्यांना नावेत बसतानाच सांगा की आम्हाला उडवायचे नाहीयेत, लांबच थांबवा, मोटर बंद करा, बांबूने ढकला. पक्षी माना वर करून एका दिशेला चालायला लागले की समजायचं आपण जास्त जवळ आलोय, तिथेच थांबा नाहीतर हळू मागे या. शांत बसलात तर ते खात खात आपणहून जवळ येतात आणि उठायचे तेव्हा आपले आपण उठतात, तो फोटो जास्त छान येतो कारण त्यात घाबरलेले पक्षी नसतात. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू नाववाल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळे काळे आकार येतात.

दुसरं म्हणजे कुरवांना, म्हणजे सीगलना, गाठी-शेव टाकणं. पक्षी डोक्याभोवती घिरट्या घालतात, व्हिडिओ भारी येतो, पण तळलेलं खारट फरसाण हे लांब उडणाऱ्या पक्ष्याचं खाणं नाही. पाकीट आणूच नका, लहान मुलं सोबत असतील तर त्यांना आधी समजावून सांगा, मुलं मोठ्यांपेक्षा लवकर ऐकतात.

आणि एखाद्या पट्टकदंबाच्या गळ्यात रंगीत पट्टा दिसला तर त्यावरचे अक्षर-आकडे नीट वाचून फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, पक्षी कुठून कुठे जातात हे अशाच नोंदींमधून कळतं.

जंगलात काहीच दिसत नाही

बऱ्याचदा कारण वेळ असते. मार्चमध्ये पुण्याकडे सूर्योदय पावणेसातच्या आसपास होतो, तेव्हा तुम्ही जंगलात चालत असायला हवं, होमस्टेच्या व्हरांड्यात पोह्यांची वाट बघत नव्हे. साडेनऊनंतर ऊन चढतं आणि सगळं गप्प होतं. दुसरं कारण भराभर चालणं. त्यापेक्षा फुललेला पळस, पांगारा किंवा काटेसावर गाठा आणि अर्धा तास हलू नका, मध प्यायला पळसमैना, सूर्यपक्षी, बुलबुल, कोतवाल सगळे एकाच झाडावर येतात आणि पानं झडलेली असल्यामुळे लपायला आडोसाही फारसा नसतो.

आवाज ओळखायला मर्लिन ॲप वापरत असाल तर भारताचा पॅक घरूनच डाउनलोड करून न्या, घाटात रेंज नसते. ॲपने सांगितलं म्हणून लगेच नोंद करू नका, भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, त्यामुळे झाडावर तो एकटा आणि ॲपवर तीन-चार नावं असं होऊ शकतं. डोळ्यांनी बघा, मग लिहा.

पण ॲप ऐकण्यासाठी आहे, स्पीकरवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलवण्यासाठी नाही. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, मग तो खाणं, घरटं सगळं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. गाईडने स्वतःहून स्पीकर काढला तर नम्रपणे नको म्हणा. गिऱ्हाईक नको म्हणतंय म्हटल्यावर बहुतेक गाईड सुटल्यासारखे हसतात, त्यांनाही ते मनापासून आवडत नसतं.

दुर्बिणीत धुरकट किंवा डबल दिसतंय

नवीन दुर्बीण खराब आहे म्हणून लोक वैतागतात, पण बहुतेक वेळा फक्त सेटिंग राहिलेलं असतं. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करा. मग उजवी भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, नंतर डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची छोटी रिंग फिरवून उजव्याचं जमवा, त्यानंतर फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर रबरी कप आत फिरवा. नवशिक्यांनी ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी) घ्यावी, जास्त झूमची हातात थरथरते.

माळरानावर मात्र दहानंतर धुरकट दिसलं तर तो दोष दुर्बिणीचा नाही, तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचा आहे. महागडी लेन्स पण तिथे हरते, तेव्हा सकाळीच उरका.

माळरानाला ओसाड समजणं

दोन दिवस जंगल आणि पाणी बघून झालं की माळावर लोक कंटाळतात, इथे काय आहे म्हणतात आणि गाडीतून उतरून कुठेही चालत सुटतात. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण धाविक, माळटिटवी, चंडोल हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात आणि ती अंडी माती-खड्यांच्या रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. मयूरेश्वर तर जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे, तिथे वाट सोडून फिरायला जागाच कुठे आहे. कडबनवाडीला वनखात्याची ग्रासलँड सफारी आहे, तीच घ्या, ठरलेल्या रस्त्यावरच राहा आणि गाडीतूनच बघा. चिंकारा, लांडगा, भोवत्या (हॅरियर हा शिकारी पक्षी) हे सगळे चालणाऱ्या माणसाला बघून पळतात, उभ्या गाडीला तेवढे घाबरत नाहीत. पखुर्ड्या (सँडग्राऊज, कबुतरासारखे माळावरचे पक्षी) बघायच्या असतील तर ऊन जरा वर आल्यावर एखाद्या पाणवठ्यापासून लांब गाडी लावून थांबा, थव्याने पाण्यावर उतरतात, फक्त त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये येऊ नका.

टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा समोरून फरफटत चालला तर अंडी-पिल्लं अगदी जवळ आहेत. जिथे आहात तिथेच पाऊल रोखा, खाली बघा आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा. घरट्याचा फोटो नको आणि त्याचं लोकेशन ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे पाच गाड्या उभ्या राहतात.