जुन्या घराच्या छताचं पाणी आडात सोडायचंय? आधी ड्रम लावा

जुनं घर म्हटलं की सल्ले लय मिळतात. त्यातला सगळ्यात वाईट म्हणजे माळवद (लाकडावर माती टाकून केलेलं छत) पाडून स्लॅब टाका. नका पाडू. मे महिन्यात माळवदाखाली दुपारी जी झोप लागते ती स्लॅबखाली कूलर लावूनही लागत नाही. बाकी बल्ब एलईडी करा, गळक्या नळांचे वायसर बदला, स्लॅबवर मार्चमध्ये चुना मारा, झालं.

खरं काम छताच्या पाण्याचं. आमच्याकडं पुढं माळवद, मागं १,००० स्क्वेअर फुटांचा स्लॅब. १ मिलिमीटर पाऊस झाला की एवढ्या स्लॅबवर ९३ लिटर पाणी पडतं, वर्षाला ७०० मिलिमीटर धरला तर ६५ हजार लिटर. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आम्हीपण टँकरमागं घागरी घेऊन पळालोय, आणि दर पावसाळ्यात आमच्या पन्हाळातलं पाणी सरळ नालीत जात होतं.

स्लॅबचा ढाळ बघून चार इंची पाइप खाली आणा. माळवदाचं पाणी यात घेऊ नका, माती येते, ते झाडांना सोडा.

आता जिथं मी फसलो ते. पहिल्या वर्षी पाइप थेट आडात सोडला. उन्हाळाभराची कबुतराची घाण, धूळ, कडुलिंबाचा पाला आणि मीच मारलेला चुना, सगळं पहिल्याच पावसात आडात गेलं, आठ दिवसात पाण्याला असा वास सुटला की आईनं आडावर फळी टाकून वर दगड ठेवला. दुसऱ्या वर्षी व्हिडिओ बघून तीन फुटी पाइपचा तुकडा उभा लावला, म्हणे पहिलं घाण पाणी त्यात साठतं. अहो, चार इंची पाइपात फुटाला अडीच लिटरसुद्धा मावत नाही! तीन फुटात सात लिटर, आणि छत धुवायला निदान १ ते २ मिलिमीटर पाऊस जाऊ द्यावा लागतो, म्हणजे आमच्या छताला ९० ते १८० लिटर.

म्हणून २०० लिटरचा ड्रम. वरून आलेल्या पाइपला ड्रमच्या झाकणाच्या वर टी (तीन तोंडांचा जोड) लावा, सरळ खालचं तोंड ड्रममध्ये, आडवं तोंड फिल्टरकडं. ड्रम भरला की पाणी आपोआप आडवं वळतं. झाकण आणि पाइपचा सांधा एम-सीलनं पक्का बुजवा, नाहीतर पाणी झाकणातूनच उसळतं आणि फिल्टरपर्यंत थेंब जात नाही (आमच्या प्लंबरला हे तीनदा सांगावं लागलं). ड्रमच्या बुडाला तोटी लावून थेंब थेंब गळेल इतकीच सैल ठेवा, ती बंद राहिली तर पुढच्या पावसाला ड्रम आधीच भरलेला आणि घाण परत आडात.

फिल्टर सोपा, दुसऱ्या ड्रममध्ये खाली गोटे, मग खडी, मधे जाळी, वर वाळू. वाळू आधी धुऊन घ्या आणि दरवर्षी मे महिन्यात काढून परत धुवा.

बंद पडलेल्या आडातला गाळ काढायला माणूस उतरवू नका, आत श्वास घेण्याजोगी हवा नसते, जीव जातो. वरूनच काढता येईल तेवढा काढा.

हे पाणी आम्ही धुण्याभांड्याला वापरतो, पित नाही. आडावरची फळी आईनं तिसऱ्या वर्षी काढली, तेही आधी पोहरा टाकून, दोनदा वास घेऊन.