लांब नाक की उतरतं नाक? ट्रक घेण्याआधी एवढं तपासा

भाच्याने परवा रात्री फोटो पाठवला. पीटरबिल्ट ३७९ हा लांब नाकाचा, म्हणजे बॉनेट सरळ पुढे आलेला अमेरिकी ट्रक, जांभळा रंग, क्रोमचा भलाथोरला बंपर, दोन्ही बाजूंना उभे सायलेन्सर. खाली एकच ओळ: "मामा, घेऊ का?" मी उलट विचारलं, ओढणार काय आहेस आणि डिझेल कोणाच्या खिशातून जाणार? दोन दिवस उत्तर नाही. म्हणजे गडी प्रेमात पडलाय. मीही पडलो होतो, चार वर्षं तशीच लांब नाकाची ३८९ चालवली, म्हणून हे लिहितोय.

आधी डिझेल. हायवेला ६५ मैलांच्या वेगाने जाताना इंजिनाची जवळजवळ निम्मी ताकद नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. काच खाली करून हात बाहेर काढलात तरी कळतं. लांब नाकाच्या गाडीत चौकोनी ग्रिल, बाहेर लटकणारे एअर क्लीनर, काचेवरचा सरळ व्हायझर, ही सगळी शोभा वाऱ्यात आडवी उभी असते. माझी ३८९ ड्राय व्हॅन, म्हणजे बंद पेटीसारखा ट्रेलर, ओढताना गॅलनला ६ मैल द्यायची. आताची केनवर्थची उतरत्या नाकाची, म्हणजे बॉनेट पुढे खाली झुकलेली टी६८० त्याच कामाला ८ देते. वर्षाला १ लाख मैल धरा: पहिलीला १६,६६७ गॅलन, दुसरीला १२,५००. गॅलनला ४ डॉलर धरले तर फरक साडेसोळा हजार डॉलरच्या वर जातो. यात पायाचाही वाटा आहे. ६५ वरून ७५ वर गेलात की हवेचा रेटा एक तृतीयांशाने वाढतो, आणि लांब नाकाची गाडी हाती आली की माणूस हळू चालवत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव.

पण हा हिशेब ट्रेलर बदलला की बदलतो. व्हॅन किंवा रीफर (थंड ठेवणारा बंद ट्रेलर) असेल तर केबिनवरून सरकलेली हवा ट्रेलरच्या छपरावरून नीट निघून जाते, तिथे उतरतं नाक पैसे वसूल करतं. लोबॉयवर (जमिनीलगतचा ट्रेलर) एक्स्कॅव्हेटर असेल किंवा फ्लॅटबेडवर (सपाट उघडा ट्रेलर) वेडंवाकडं यंत्र, तर मागचा मालच हवा अडवतो. मग पुढे कितीही गुळगुळीत असा, फायदा बराच कमी होतो. अवजड ओढणारे लोक लांब नाक सोडत नाहीत ते काही फक्त हौसेपायी नाही.

आता टेप घ्या. सगळे समजतात की उतरत्या नाकाची गाडी आखूड असते. बंपरपासून केबिनच्या पाठीपर्यंत केनवर्थ डब्ल्यू९००एल १३० इंच भरते आणि टी६८० १२५. फरक फक्त ५ इंचांचा! खरा फरक दोन ठिकाणी आहे: बॉनेटचा उतार आणि पुढच्या चाकांची जागा. लांब नाकात चाकं बहुधा बंपरला चिकटून पुढे असतात. त्यामुळे दोन ॲक्सलमधलं अंतर वाढतं, गाडी पाळण्यासारखी चालते आणि वळायला मात्र अख्खा रस्ता मागते. उतरत्या नाकात चाकं मागे सरकवलेली असतात, गाडी लहान जागेत फिरते. एकदा जुन्या गोदामाच्या डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्याला, लागताना माझ्या ३८९चं नाक समोरच्या फुटपाथवर चढलं होतं. दोन्हीकडून भोंगे, मागे ट्रेलर अर्धाच आत, आणि गोदामाचा माणूस घड्याळ बघत उभा. शहरातले डॉक रोजचे असतील तर हे आठवा.

उताराची परीक्षा सोपी आहे. रस्त्यावर ठेवतात तो प्लास्टिकचा कोन बंपरपुढे ठेवा, सीटवर बसा, आणि कोन दिसेपर्यंत कुणाला तरी तो पुढे पुढे न्यायला सांगा. मग अंतर मोजा. उजव्या कोपऱ्यालाही हेच करा, कारण तिथे उभी छोटी कार अख्खीच्या अख्खी गायब होते. १९८५ साली केनवर्थने उतरत्या नाकाची टी६०० आणली तेव्हा ड्रायव्हरांनी तिला 'मुंगीखाऊ' म्हणून हिणवलं होतं. हिणवणाऱ्यांनी हा कोन ठेवून बघायला हवा होता.

दुरुस्तीत मात्र मी लांब नाकाच्या बाजूचा. बॉनेट पुढे कलवलं की इंजिन अंगणात मांडल्यासारखं दिसतं. उतरत्या नाकाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा मागचा भाग काचेखाली शिरलेला असतो. सहाव्या सिलिंडरपाशी काम निघालं की मेकॅनिक पोटावर झोपून पुटपुटतो आणि ते पुटपुटणं बिलात उतरतं. हरीण आडवं आलं तर प्लास्टिकचा बंपर आणि हेडलाइट एकदमच जातात.

३७९ ही १९८७ ते २००७ पर्यंत बनली. म्हणून जुनी गाडी बघताना इंजिनाचं साल विचाराच. १९९९ किंवा त्याआधीचं इंजिन असेल तर इलेक्ट्रॉनिक लॉगमधून (ड्रायव्हरच्या तासांची यंत्रावरची नोंद) सूट आहे, कागदी लॉग चालतो. जुन्या गाड्यांना भाव येतो त्यामागे हेही कारण आहे. उलट कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सगळ्या जड डिझेल ट्रकांना २०१० किंवा नंतरचं इंजिन लागतं. भाच्याचं निम्मं काम तिकडचंच, आणि ही गोष्ट त्या फोटोत दिसत नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. विकणारा म्हणतो, गाडी गॅलनला ७ मैल देते. मी म्हटलं, त्याच्याकडे मागच्या चार तिमाहींची इफ्टाची, म्हणजे इंधन कराची, रिटर्नं माग. एकाच गाडीचा मालक असेल तर त्यात त्याच गाडीचे मैलही असतात आणि गॅलनही. भागाकार तू कर, त्याला करू देऊ नकोस.