चॅफ कसं चालतं ते घरच्या फॉईलवर बघा

आम्ही वास्कोवाले, दाबोळीवरून मिग-29के हे नौदलाचं लढाऊ विमान उठलं की बोलणं अर्ध्यात थांबवायची सवयच आहे. परवा भाचा म्हणाला मामा, रडारने पकडल्यावर विमान सुटतं कसं? म्हटलं चॅफ टाकून, म्हणजे रडारला फसवायला धातूच्या बारीक पट्ट्यांचा ढग हवेत सोडून. चल, चपात्या गुंडाळायची फॉईल आण.

आधी हिशोब. रडारच्या लहरी जितक्या गिगाहर्ट्झच्या (सेकंदाला किती अब्ज कंपनं) असतील त्याने 15 ला भागायचं, येईल ती पट्टीची लांबी सेंटीमीटरात. ही झाली अर्धी तरंगलांबी, एवढी धातूची पट्टी त्या लहरीला जोरात परत फेकते. 10 गिगाहर्ट्झला दीड सेंटीमीटर. जुलै 1943 मध्ये ब्रिटिशांनी हॅम्बर्गवर टाकलेल्या पट्ट्या 27 सेंटीमीटरच्या होत्या, कारण जर्मनांचं वुर्झबुर्ग रडार 0.56 गिगाहर्ट्झच्या आसपास चालायचं, भागून बघा. युक्ती ब्रिटिशांकडे आधीपासून होती हां, पण जर्मन आपल्यावरच उलटवतील या भीतीने दाबून ठेवलेली.

आता दीड सेंटीमीटरच्या पट्ट्या कापा, होतील तितक्या बारीक, आणि मूठभर गॅलरीतून सोडा. पंखा बंद ठेवा. आमची पहिली मूठ घामट हातामुळे गोळा होऊन सरळ खाली, धप्प. खऱ्या चॅफलाही हेच नडतं, पट्ट्या चिकटल्या की ढग पसरत नाही, म्हणून आता केसापेक्षा बारीक, अॅल्युमिनियम चढवलेले काचेचे धागे वापरतात. दुसऱ्या खेपेला हाताला पावडर लावली, मग मस्त तरंगत गेल्या. (खालून सगळ्या वेचून आणा, गाय खाईल.)

बघायचं काय, तर हातातून सुटल्या सुटल्या त्यांचा वेग मरतो. डॉप्लर रडार, म्हणजे वस्तू किती वेगाने जवळ येते की लांब जाते ते ओळखणारं रडार, नेमकं हेच पकडतं, वाऱ्याबरोबर हलणारं ते चॅफ, जोरात जवळ येणारं ते विमान. म्हणून पायलट चॅफ टाकून रडारला आडवा वळतो, मग तो ना जवळ येतो ना लांब जातो, आणि रडारला विमान नि ढग सारखेच वाटायला लागतात. भाच्याला अंगणात आधी माझ्याकडे आणि मग माझ्यासमोरून आडवं पळवलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

रडारला चकवणारा जॅमर वेगळा, तो स्वतःच लहरी सोडून गोंगाट करतो, ते फॉईलवर दाखवता येत नाही.

पुढचा रविवार बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमला द्या. तिथे अलिझे हे नौदलाचं जुनं पाणबुडी शोधणारं विमान उभं आहे, वाकून त्याचं पोट बघा, आत ओढून घेता येणारा रडारचा घुमट तिथेच असतो.