हाय-विंग (पंख बॉडीच्या वर असलेलं) आरसी (रिमोटने उडणारं) विमान: आधी तोल, मग ट्रिम

ट्रान्समीटरवरच्या (हातातल्या रिमोटवरच्या) ट्रिमने, म्हणजे विमानाच्या हलत्या पट्ट्यांची मधली जागा थोडी सरकवणाऱ्या बटणांनी, सगळं सरळ करता येतं, हा समज आधी सोडून द्या. शेपटाकडे जड असलेलं विमान कितीही ट्रिम दिलं तरी हातात स्थिर राहत नाही. म्हणून सुरुवात जमिनीवर, तोलापासून करायची.

विमान उडायला निघेल तसं पूर्ण जोडा: बॅटरी, प्रोपेलर, चाकं, सगळं. इंजिन असेल तर टाकी रिकामी ठेवा. टाकी सहसा सीजीच्या (गुरुत्वमध्याच्या, म्हणजे विमान जिथे तोललं जातं त्या जागेच्या) पुढे असते, त्यामुळे इंधन संपेल तसं नाक हलकं होत जातं.

सीजी कुठे हवा हे विमानाच्या माहितीपत्रकात असतं. ते नसेल आणि पंख आयताकृती असेल, तर पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या 25 ते 33 टक्के अंतर धरा. रुंदी 240 मिमी असेल तर 60 ते 80 मिमी. पहिल्या उड्डाणाला 60 च्या जवळ राहा. पंखाखाली बॉडीलगत दोन्ही बाजूंना खूण करा आणि त्या खुणांवर तर्जनी टेकवून विमान सुलटंच उचला. नाक किंचित झुकलं तर छान. शेपूट खाली गेलं तर आधी बॅटरी पुढे सरकवा, तेवढ्याने भागलं नाही तरच नाकात वजन घाला.

आता आडवा तोल. एका हाताने प्रोपेलरचा शाफ्ट आणि दुसऱ्याने शेपटाचं टोक मध्यरेषेवर धरा. तीनचार वेळा करून पाहिल्यावर दर वेळी एकच पंख खाली येत असेल, तर दुसऱ्याच्या टोकाला थोडं वजन चिकटवा.

इथेच एक दोरा घ्या. प्रत्येक पंखाच्या टोकापासून शेपटाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, दोन्हीकडे सारखं हवं. मग मागे उभं राहून पंखाची मागची कड नजरेने तपासा. एका बाजूला पीळ दिसला तर तो आत्ताच काढा. पिळलेला पंख एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्टीच्या) ट्रिमने एका वेगाला सरळ भासतो, वेग बदलला की पुन्हा कलतो.

पुढचं काम प्रोपेलर काढून करा. ट्रान्समीटरचे ट्रिम मध्यावर आणा, सर्व्होचा (पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) आर्म त्याला जोडलेल्या रॉडला काटकोनात बसवा आणि क्लेव्हिस (रॉडच्या टोकाची फिरवता येणारी अडकवणी) फिरवून एलेव्हेटर (शेपटाची आडवी पट्टी), रडर (शेपटाची उभी पट्टी), एलेरॉन सपाट करा. एलेरॉनची स्टिक (ट्रान्समीटरवरची दांडी) उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर गेलाच पाहिजे. ही तपासणी प्रत्येक उड्डाणाआधी करा.

वारा नसेल त्या वेळी उडवा. चूक सावरता येईल इतकी उंची गाठा, अर्ध्याच्या थोडं वर थ्रॉटल (मोटरचा जोर) ठेवा आणि सरळ उडू द्या. आधी एलेव्हेटर, मग एलेरॉन, शेवटी रडर ट्रिम करा. एका वेळी एकच, तेही एकदोन टिचक्या. विमान उतरवल्यावर ट्रिम बराच सरकलेला दिसला, तर क्लेव्हिस फिरवून तो फरक रॉडमध्ये घ्या आणि ट्रिम परत मध्यावर आणा.

सीजीची खरी परीक्षा हवेत होते. उंचावर थ्रॉटल कमी करून नाक साधारण 30 अंश खाली करा आणि स्टिक सोडा. विमान हळूहळू सावरलं तर सीजी बरोबर आहे. झटक्यात वर आलं तर नाक जड, आणखी खाली झुकत गेलं तर शेपूट जड. दुसऱ्या बाबतीत लगेच स्टिक ओढून सावरा, विमान उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या. सीजी हलवला की एलेव्हेटरचं ट्रिम पुन्हा करावं लागतं.

हाय-विंगमध्ये पंख मोटरच्या वर असल्याने थ्रॉटल वाढवताच नाक उचलतं. थोडं उचललं तर हरकत नाही. फार उचलत असेल तर मोटर माउंटच्या वरच्या स्क्रूंमागे पातळ वॉशर घाला, म्हणजे मोटरचं तोंड खाली झुकेल. पूर्ण थ्रॉटलला चढताना विमान डावीकडे ओढत असेल, तर मागून पाहता डावीकडे येणाऱ्या स्क्रूंमागे वॉशर घाला. प्रत्येक बदलानंतर एक उड्डाण करून फरक बघा, मगच पुढचा वॉशर.