डब्ल्यू. जी. ग्रेसविषयी लिहिता-बोलताना या चुका टाळा

क्रिकेटच्या इतिहासावर मराठीत लिहिणारे आता बरेच आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. पण एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस याचा विषय निघाला की त्याच त्या चुका एका लेखातून दुसऱ्या लेखात आणि तिथून प्रश्नमंजुषेत जातात. त्यात या माणसावर अन्याय होतो. ज्यांना त्याच्यावर लेख लिहायचा आहे, शाळेत भाषण द्यायचं आहे किंवा नुसतं मित्रांशी वाद घालायचा आहे, त्यांच्यासाठी हे टिपण.

कसोटीतल्या सरासरीवरून त्याला मोजू नका

सगळ्यात मोठी चूक ही. २२ कसोटी, १,०९८ धावा, सरासरी ३२.२९, शतकं दोन. हे आकडे पाहून आजचा वाचक म्हणतो, ‘एवढंच?’

ग्रेसचा जन्म १८ जुलै १८४८चा, ब्रिस्टलजवळच्या डाऊनएंडचा. पहिला कसोटी सामना झाला मार्च १८७७मध्ये, मेलबर्नला, आणि त्यात तो नव्हता. तो पहिली कसोटी खेळला सप्टेंबर १८८०मध्ये, ओव्हलवर, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्याचे सर्वोत्तम दिवस तोवर मागे पडले होते. कसोटी क्रिकेट जन्माला येण्याआधीच त्याने खेळाचं रूप बदलून टाकलं होतं, त्यामुळे कसोटीच्या रकान्यात ते काम दिसणारच नाही.

ते शोधायचं असेल तर १८७१चा हंगाम उघडा. ग्रेसने त्या वर्षी प्रथम श्रेणीत २,७३९ धावा केल्या, सरासरी ७८.२५. एका हंगामात दोन हजार धावा त्याआधी कुणीच केल्या नव्हत्या. त्या अख्ख्या हंगामात सगळ्या फलंदाजांची मिळून १७ शतकं झाली, त्यातली १० एकट्या ग्रेसची. त्याच्यानंतरच्या उत्तम फलंदाजाची सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. आपल्या काळातल्या इतरांच्या इतका पुढे असलेला फलंदाज म्हणजे पुढे ब्रॅडमनच.

खेळपट्ट्या कशा होत्या तेही लक्षात घ्या. जून १८७०मध्ये लॉर्ड्सवर एमसीसी (लॉर्ड्सचा मालक असलेला मेरिलेबोन क्रिकेट क्लब) विरुद्ध नॉटिंगहॅमशायर या सामन्यात जॉर्ज समर्स या फलंदाजाच्या डोक्याला उसळलेला चेंडू लागला आणि काही दिवसांनी तो दगावला. लॉर्ड्सची खेळपट्टी तेव्हा खडबडीतपणासाठी बदनाम होती. त्याच सामन्यात ग्रेस नाबाद ११७ खेळला होता. त्याची सरासरी आजच्या सपाट खेळपट्टीवरच्या सरासरीशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. त्या खेळपट्टीवर बाकीचे काय करत होते, ते पाहा.

ऑगस्ट १८७६चा एक आठवडाही हातासरशी वाचा. कँटरबरीला केंटविरुद्ध एमसीसीवर फॉलोऑनची नामुष्की आली, तेव्हा ग्रेसने ३४४ धावा केल्या. प्रथम श्रेणीतलं हे पहिलं त्रिशतक. पाठोपाठ नॉटिंगहॅमशायरविरुद्ध १७७ आणि मग चेल्टनहॅमला यॉर्कशायरविरुद्ध नाबाद ३१८. आठेक दिवसांत, तीन डावांत ८३९ धावा. तेव्हा आगगाडीने प्रवास करून दुसऱ्या सकाळी पुन्हा मैदानात उतरायचं असे.

दाढीवाल्या फोटोवर थांबू नका

आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पोट सुटलेला, छातीपर्यंत दाढी आलेला ग्रेस. तो पन्नाशीतला. अठरा वर्षांचा ग्रेस सडपातळ होता आणि पळण्यात पटाईत. जुलै १८६६च्या अखेरीस ओव्हलवर सरेविरुद्ध त्याने नाबाद २२४ केल्या आणि सामना चालू असतानाच परवानगी घेऊन क्रिस्टल पॅलेसला जाऊन ४४० यार्डांची अडथळ्यांची शर्यत जिंकली. लेखासोबत शक्यतो तरुणपणीचा फोटो लावा.

त्याची गोलंदाजीही विसरली जाते. कारकिर्दीत २,८०० हून अधिक बळी. १८८६मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाविरुद्ध त्याने १०४ धावा केल्या आणि एका डावातले दहाच्या दहा गडी ४९ धावांत टिपले. त्याला नुसता ‘फलंदाज’ म्हणणं म्हणजे अर्धा माणूस सांगणं.

दोन हिशेब एकत्र करू नका

एका ठिकाणी कारकिर्दीच्या धावा ५४,८९६ दिसतात, दुसरीकडे ५४,२११. शतकं कुठे १२६, कुठे १२४. बळी २,८७६ की २,८०९? यात छपाईची चूक नाही. पहिला हिशेब विस्डेन या इंग्लिश क्रिकेट वार्षिकाने चालवलेला पारंपरिक. दुसरा नंतरच्या संशोधकांचा, ज्यांनी काही सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा नाकारला. कोणता घ्यायचा हे तुम्ही ठरवा, पण धावा एकातून आणि बळी दुसऱ्यातून असं करू नका.

याचा एक परिणाम फार कमी जण सांगतात. मे १८९५मध्ये ब्रिस्टलला सॉमरसेटविरुद्ध ग्रेसने २८८ केल्या, तेव्हा इंग्लंडभर ‘शंभरावं शतक’ म्हणून जल्लोष झाला. नव्या हिशेबात वगळलेली दोन्ही शतकं त्याआधीची आहेत. म्हणजे १२४ हा आकडा धरलात, तर २८८ची ती खेळी शंभरावी ठरत नाही. मला विचाराल तर शंभरी त्याच खेळीची मानावी, कारण त्या मैदानावरच्या लोकांनी ती तशी अनुभवली होती. मात्र मग १२६ हाच आकडा लिहा. त्याच महिन्यात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने मेमध्येच हजार धावा पूर्ण केल्या, हे दोन्ही हिशेबांत कायम राहतं.

‘हौशी’ म्हणजे फुकट खेळणारा नव्हे

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या, ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’. पहिला हौशी, दुसरा रोजंदारीवरचा व्यावसायिक. ड्रेसिंग रूम वेगळ्या, मैदानात येण्याची दारंही वेगळी. ग्रेस कागदोपत्री हौशी होता. आपल्याकडच्या लेखांत त्यावरून ‘निव्वळ खेळाच्या प्रेमापोटी खेळणारा डॉक्टर’ असं चित्र रंगवलं जातं. ते खरं नाही.

१८७३-७४च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याने १,५०० पौंड घेतले. नुकतंच लग्न झालेल्या पत्नीचा खर्च वेगळा. त्याच दौऱ्यावर व्यावसायिकांना प्रत्येकी १७० पौंड ठरले होते. १८९१-९२मध्ये लॉर्ड शेफिल्डच्या संघासोबत गेला तेव्हा ३,००० पौंड. १८९५च्या विक्रमी हंगामानंतर लोकवर्गणी झाली, एका वृत्तपत्राने वाचकांकडून शिलिंग-शिलिंग गोळा केलं आणि एकूण रक्कम नऊ हजार पौंडांच्या वर गेली.

१८९६मध्ये हे उघड्यावर आलं. ओव्हल कसोटीआधी लोहमन, गन, एबल, हेवर्ड आणि रिचर्डसन या पाच व्यावसायिकांनी दहाऐवजी वीस पौंड मागितले. वृत्तपत्रांत हौशी खेळाडूंच्या ‘खर्चा’वर चर्चा पेटली, आणि ग्रेसला लंडनमधल्या मुक्कामासाठी सामन्यामागे दहा पौंडांपलीकडे काही दिलेलं नाही, असा खुलासा ओव्हलच्या यजमान सरे क्लबला करावा लागला. एबल, हेवर्ड आणि रिचर्डसन खेळले. लोहमन आणि गन खेळले नाहीत.

हे सांगितल्याने ग्रेस लहान होत नाही. त्याच्या नावावर हजारो माणसं तिकीट काढत होती आणि त्याला त्याचा वाटा मिळाला. अन्याय झाला तो त्याच्याच शेजारी घाम गाळणाऱ्या, पण नावाआधी ‘मिस्टर’ न लावता येणाऱ्या व्यावसायिक माणसांवर. तो सांगितल्याशिवाय त्या काळाची गोष्ट पुरी होत नाही.

डॉक्टरकी मात्र खरी होती. १८६८मध्ये शिक्षण सुरू, १८७९मध्ये पदवी, मधली वर्षं क्रिकेटने खाल्ली. १८८७मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर क्रूम हा सहकारी कुंपणाच्या लोखंडी टोकावर आदळला आणि त्याचा गळा फाटला. टाक्यांचं सामान येईपर्यंत ग्रेसने जखम हाताने दाबून धरली. क्रूम वाचला.

प्रश्नमंजुषेतल्या नेहमीच्या चुका

कसोटीतलं पहिलं शतक ग्रेसचं नाही, ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स बॅनरमनचं आहे. ग्रेसचं १८८०च्या ओव्हल कसोटीतलं १५२ हे इंग्लंडकडून झालेलं पहिलं. त्या कसोटीत तीन ग्रेस बंधू खेळले, आणि दोन्ही डावांत शून्यावर बाद झाला तो धाकटा फ्रेड. बिचारा दोनच आठवड्यांत वारला. ई. एम. हा थोरला भाऊ. शिवाय डब्ल्यू. जी. ग्रेस ज्युनियर नावाचा मुलगाही प्रथम श्रेणी खेळला, तेव्हा १८९०च्या दशकातले धावफलक जपून वाचा.

अ‍ॅशेसचा जन्म झाला त्या १८८२च्या ओव्हल कसोटीत इंग्लंडचा कर्णधार हॉर्नबी होता. चेंडू ‘डेड’ झाला समजून क्रीज सोडलेल्या ऑस्ट्रेलियाच्या जोन्सला ग्रेसने धावबाद केलं आणि त्यावर चिडून त्यांचा वेगवान गोलंदाज स्पॉफर्थ पेटला, हे सगळे सांगतात. इंग्लंडचा ८५ धावांचा पाठलाग ७७वर कोसळला, त्यात सर्वाधिक ३२ धावाही ग्रेसच्याच होत्या, हेही सोबत सांगा.

सर्वांत वयस्कर कसोटीपटूही तो नव्हे. तो मान विल्फ्रेड ऱ्होड्सचा. योगायोग असा की ग्रेसची शेवटची कसोटी, जून १८९९, ट्रेंट ब्रिज, हीच ऱ्होड्सची पहिली.

आणि बेल्सचा किस्सा. त्रिफळा उडाल्यावर बेल्स पुन्हा ठेवून ‘लोक माझी फलंदाजी बघायला आलेत’ म्हणाला, हा प्रसंग प्रत्येक जण वेगळ्या मैदानावर घडवतो. आख्यायिका म्हणून जरूर सांगा, पण तारीख चिकटवू नका.

भारताशी नातं जोडताना

ग्रेस भारतात कधी खेळला नाही. त्याचे परदेश दौरे उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचे. रणजितसिंहजीने १८९६मध्ये मँचेस्टरला कसोटी पदार्पणात नाबाद १५४ केल्या तेव्हा कर्णधार ग्रेस होता, इतकं ठामपणे म्हणता येतं. मुंबईशी धागा हवा असेल तर तो १८८६चा घ्या. त्या वर्षी पहिला पारशी संघ मुंबईहून इंग्लंडला गेला आणि लॉर्ड्सवर एमसीसीकडून ग्रेस त्यांच्यासमोर उभा राहिला. पारशी डावाने हरले. तो दौरा बहुतेक पराभवांचाच झाला. पण १८९०मध्ये मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर व्हर्ननचा इंग्लिश संघ आला तेव्हा पारशांनी त्याला चार गडी राखून हरवलं.