एकट्याने सस्पेन्शन खोलण्याआधी

गाडी जॅकवर चढवण्याआधी टेप घ्या. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कमानीपर्यंतचं उभं अंतर मोजा, दोन्ही बाजूंचं, सपाट जमिनीवर. आकडे लिहून ठेवा. मागच्या वेळी माझं हेच राहिलं आणि नवे बुश (आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे) बघता बघता फाटले.

हातमोजे, चष्मा, उजेड हे आलंच. मागच्या चाकांना ठोकळे लावा. पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. स्टँड दोन हवेत, पक्क्या जमिनीवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा. घरी कुणाला तरी सांगून ठेवा. फोन खिशात हवा. बाकावर ठेवलेला फोन गाडीखालून हाताला लागत नाही.

माप घेतलं का? मग पुढे वाचा.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच तेल सोडा. लिंक रॉडचा (अँटी-रोल बारला जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा) नट फिरवताना आतला दांडा सोबत फिरतो, तो धरायला अॅलन की लागते. स्प्लिट पिना (टोकं वाकवून नट अडकवणाऱ्या पिना) आणि नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट नवे आणा. दुसरा जॅक हवाच: लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) उचलून बोल्टची भोकं जुळवायला तुमच्याकडे दुसरा माणूस नाही. कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची वायर आधी सोडवा.

स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या भागाच्या) टोकाचा मधला नट, स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय अजिबात सोडायचा नाही. स्प्रिंग उडाली तर जीव जाऊ शकतो. कॉम्प्रेसरचे आटे झिजलेले दिसले तर अख्खा स्ट्रट गॅरेजमध्ये न्या.

आता माप कशाला, ते ऐका. बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. आर्म हलला की ते फिरत नाही, पिळतं. आर्म लोंबकळत असताना बोल्ट पक्का केला की गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेलंच राहतं. म्हणून बोल्ट आधी हातानेच बसवा, दुसऱ्या जॅकने आर्म उचला, चाक बसतं त्या जागेच्या मध्यापासून कमानीपर्यंत मोजून लिहिलेला आकडा जुळला की मगच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) लावा. त्याआधीच गाडी स्टँडवरून उठायला लागली तर तिथेच थांबा. अशा वेळी बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावर आवळा. पुन्हा सांगतो, आकडा नसेल तर अंदाजाने आवळू नका.

पुढचं सोपं आहे. चाकं लावा, नट समोरासमोरचे आवळा, थोडं चालवून पुन्हा तपासा, अलाइनमेंट करून घ्या.